बोलण्यातलं गाणं: ध्वनिकवितेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत एका मित्राच्या घरी आम्ही आठ-नऊ जण महिन्यातून एकदा जमतो. कुणी तबला शिकलेलं, कुणी कॉलेजात एकांकिका करणारं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं. माणसाच्या बोलण्याच्या आवाजातून काही घडवून बघायचं, एवढाच आमच्यातला धागा. नवीन कुणी आलं की तेच प्रश्न पुन्हा निघतात आणि दर वेळी आमचं एखादं उत्तर अर्धं राहतं, म्हणून ती इथे सावकाश लिहून ठेवली आहेत.

ध्वनिकविता म्हणजे नक्की काय?

‘भाकरी’ हा शब्द सलग वीस वेळा मोठ्याने म्हणून पाहा. पाच-सहा वेळा म्हणेपर्यंत ताटातली भाकरी दिसत राहते. मग ती हळूहळू पुसली जाते. उरतो भ मधला श्वासाचा झोत, जिभेच्या मुळाशी पडणारा क चा ठोका आणि री वर पसरणारे ओठ. हे जे उरतं, त्यावर ध्वनिकविता उभी राहते. नेहमीच्या काव्यवाचनात आवाज अर्थाची पालखी वाहतो. इथे पालखीत आवाज बसलेला असतो.

तिच्या शेजारचं घर म्हणजे रेकॉर्ड केलेलं बोलणं कापून, परत परत वाजवून, थरावर थर चढवून केलेलं संगीत. एकीकडे तोंड हे वाद्य, दुसरीकडे रेकॉर्डर. आम्ही दोन्ही करतो आणि मध्ये भिंत घालत नाही.

म्हणजे निरर्थक बडबडच ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर.

संस्कृत काव्यशास्त्रात ‘काकु’ असा एक शब्द आहे. शब्द तेच, पण म्हणण्याचा सूर बदलला की अर्थ फिरतो. त्या बदलाला काकु म्हणतात. हिंदुस्थानी गाणाऱ्यांतही काकुभेद हा शब्द चालतो. म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाखाली आवाजाचा आणखी एक अर्थ वाहत असतो, हे आपल्याकडे फार आधीपासून ठाऊक आहे. ध्वनिकविता वरचा अर्थ थोडा वेळ बाजूला ठेवते, खालचा ऐकू यावा म्हणून.

आमच्यातल्या एकीने तिच्या आजीचं फोनवरचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. आजीला ते माहीत होतं. पलीकडचा आवाज त्यात नाही. तीन मिनिटं आजी फक्त ‘बरं’, ‘हं’, ‘बरं बरं’, ‘अगं बाई’ आणि पुन्हा ‘बरं’ एवढंच म्हणते. पहिलं ‘बरं’ घाईत, काम हातात असताना म्हटलेलं. मधलं एक इतकं लांबतं की त्यात ती खाली बसलेली ऐकू येते. शेवटचं ओठातल्या ओठात. ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळलं की कुणीतरी गेलं, आणि ते माणूस आजीच्या अगदी जवळचं होतं. एक नाव नाही, एक पूर्ण वाक्य नाही. याला निरर्थक म्हणायला माझी जीभ रेटणार नाही.

हे सुरू कुठे झालं?

युरोपात, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. इटलीच्या मारिनेत्तीने १९१४मध्ये आद्रियानोपल या तुर्की शहराच्या वेढ्यावर तोफांच्या आवाजांनी भरलेलं एक पुस्तक छापलं. त्याआधी वर्षभर रशियात क्रुचोनिखने कोणत्याही भाषेत नसलेल्या शब्दांची कविता प्रसिद्ध केली होती. त्याने आणि ख्लेब्निकोवने या बुद्धीपलीकडच्या भाषेला ‘झाऊम’ असं नाव दिलं.

पण मला नेहमी आठवतो तो झुरिकमधला जर्मन कवी ह्यूगो बॉल. जून १९१६. बाहेर महायुद्ध पेटलेलं, आणि कॅबरे व्होल्तेअर नावाच्या छोट्या जागेत हा माणूस पुठ्ठ्याचा पोशाख घालून उभा. पाय पुठ्ठ्याच्या नळकांड्यात, त्यामुळे चालता येईना. त्याला उचलून मंचावर आणावं लागलं. तो अर्थ नसलेली अक्षरं म्हणू लागला आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज आपोआप चर्चमधल्या पाद्रीच्या प्रार्थनेच्या चालीवर गेला. हे त्याने स्वतःच डायरीत नोंदवलं आहे. वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी भाषा नासवून टाकली आहे, असं त्याला वाटत होतं. शब्द टाकून दिल्यावर त्याला सापडली लहानपणी ऐकलेली प्रार्थना. आपल्यातल्या कुणाचे शब्द काढून घेतले तर खाली कोणती चाल सापडेल? आरतीची? पाढ्यांची? आमच्या पहिल्या काही बैठका याच प्रश्नावर गेल्या. बहुतेकांच्या खाली पाढे निघाले.

नंतर जर्मनीत कुर्ट श्विटर्सने १९२२ ते १९३२ या काळात अर्थहीन अक्षरांचा एक मोठा सोनाटा रचला. त्याचं बीज राऊल हाउसमानच्या, नुसती अक्षरं छापलेल्या एका भित्तिपत्रकात होतं. श्विटर्सच्या रचनेत संगीतातल्या सोनाटासारखे चार भाग आहेत आणि शेवटी वर्णमाला उलटी म्हटली जाते. १९३० साली बर्लिनमध्ये एर्न्स्ट टॉखने नुसत्या ठिकाणांच्या नावांची फ्यूग केली, म्हणजे एकामागून एक आवाज तोच विषय घेऊन येतात अशी रचना. चार आवाज, गाणं अजिबात नाही, सगळं बोलायचं.

टेप रेकॉर्डर आल्यावर दुसरं पर्व सुरू झालं. फ्रान्समध्ये आंरी शोपॅं मायक्रोफोन पार तोंडात धरून श्वास, लाळ, जिभेचे आवाज टिपायचा. संगीतकार लुचानो बेरिओने १९५८मध्ये गायिका कॅथी बर्बेरियनच्या वाचनाचे तुकडे करून त्यांचं संगीत केलं. अमेरिकेत स्टीव्ह राइश आणि अल्विन लूसिए. त्यांच्याविषयी पुढे येईलच.

आपल्याकडे असलं काही नव्हतं का?

होतं आणि आहे. मात्र इथे शब्द जपून वापरायला हवेत.

तबल्याच्या क्लासबाहेर कधी उभे राहिला असाल तर मुलं हाताने टाळी देत ‘धा तिरकिट धा तिट’ म्हणताना ऐकली असतील. ती पढंत. कथकच्या कार्यक्रमात नर्तकी पुढे येते, बोल आधी तोंडाने म्हणते आणि मग पायांनी. पुण्यात रोहिणी भाटे यांनी १९४७मध्ये नृत्यभारती सुरू केल्यापासून या शहराच्या किती पिढ्यांनी ते ऐकलं आहे! चांगली पढंत ऐकताना ‘धा’चा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. तिहाईचंच बघा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा म्हटला की पंधरा मात्रा होतात. त्यातली पंधरावी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडायला हवी, म्हणून सोळा मात्रांच्या त्रितालात तिसऱ्या मात्रेला सुरुवात. नुसत्या अक्षरांनी श्रोत्याचा श्वास अडवून ठेवायचा आणि समेवर सोडायचा, हे तंत्र श्विटर्सला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे ते गल्लीत शिकायला मिळतं.

मग वेदपठण. जटापाठ, घनपाठ यांत शब्द ठरलेल्या क्रमाने मागेपुढे फिरतात. ‘पाऊस आला अंगणी’ या साध्या शब्दांवर घनाचा क्रम लावला तर असा होतो: पाऊस आला, आला पाऊस, पाऊस आला अंगणी, अंगणी आला पाऊस, पाऊस आला अंगणी. मग पुढचा शब्द घेऊन पुन्हा तसंच. मोठ्याने म्हणा, दुसऱ्या फेरीला अंगावर पाऊस येतो. युनेस्कोने २००३मध्ये वेदपठणाच्या परंपरेला मानवजातीच्या मौखिक वारशात स्थान दिलं. पण वेदपठणाला ध्वनिकविता म्हणणं मला पटत नाही. तिथे हा सगळा खटाटोप एक अक्षरही बदलू नये म्हणून आहे आणि आमचा खटाटोप अक्षर बदलल्यावर काय होतं ते बघण्यासाठी. तंत्र शिकावं, नातं उगाच जोडू नये.

खरं जवळचं नातं आहे ते पाळण्यापाशी. ‘अडगुलं मडगुलं’, ‘अटक मटक चवळी चटक’, ‘इरिंग मिरिंग लवंगा चिरिंग’. यातल्या मडगुलंचा आणि मिरिंगचा अर्थ कुणी कोशात शोधत नाही. ‘काळे राळे गोरे राळे’ म्हणताना जीभ अडखळते तीच मजा. आणि जात्यावरच्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांतल्या ध्वनिमुद्रणांत दगडाची घरघर ऐका. ओवीची लय बाईच्या दंडातून आणि जात्याच्या फेऱ्यातून आलेली आहे, हे कागदावर वाचून कळत नाही.

मराठीत या प्रकाराला काही वेगळं मिळतं का?

पुष्कळ. मी यावर तासभर बोलू शकतो, इथे तीन गोष्टी.

पहिली, आपली वर्णमाला. क च ट त प हे वर्ग तोंडाच्या नकाशाप्रमाणे लावलेले आहेत: घशाजवळून सुरुवात, मग टाळू, मूर्धा, दात आणि शेवटी ओठ. ‘क ख ग घ’पासून ‘प फ ब भ म’पर्यंत सावकाश म्हणा, आवाज आतून बाहेर चालत येतो. उलट म्हणा, तो आत परत जातो. श्विटर्सची उलटी वर्णमाला ऐकताना शाळेचा वर्ग आठवतो. आपली उलटी म्हटली तर आवाज गिळल्यासारखा वाटतो. आम्ही दर बैठकीची सुरुवात यानेच करतो.

दुसरी, लिहिलेलं आणि बोललेलं यांतली फट. च आणि ज प्रत्येकी दोन आहेत, पण अक्षर एकच. ‘चार’मधला च वेगळा, ‘चाक’मधला वेगळा. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांत लिहिताना काहीच फरक नाही, तोंडात आहे. ‘माझा’ची ‘माझी’ झाली की झ सुद्धा जागा बदलतो. शिवाय आपण लिहिलेले अ बोलताना गाळतो. ‘खडकवासला’ लिहायला सहा अक्षरं, तोंडात येतात चारच ठोके: ख-डक्-वास्-ला. ‘हडपसर’ची पाच अक्षरं, बोलताना तीन ठोके. अभंग गाताना हे गाळलेले अ परत येतात. तेव्हा एकाने बोलण्यातलं ‘हडप्सर’ म्हणायचं आणि दुसऱ्याने अभंगातल्यासारखं ‘ह-ड-प-स-र’ मोजत जायचं, की तीनावर पाच अशी लय आपसूक तयार होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. खळखळ, सळसळ, कडकड असे आवाजाची नक्कल करणारे शब्द बहुतेक भाषांत असतात. मराठी तिथे थांबत नाही. जिथे आवाजच नाही तिथेही ती आवाज ठेवते. चांदणीला आवाज नाही, ती लुकलुकते. दिवा मिणमिणतो. दुपार टळटळीत असते. रंगांचं बघा: काळा कुट्ट, लाल भडक, पिवळा धमक. ‘धमक’ म्हटल्याशिवाय पिवळा पुरता पिवळा होत नाही! आणि पाऊस तर रिपरिप, भुरभुर, पिरपिर, टपटप, धो धो. जून ते सप्टेंबर या क्रमाने हे शब्द लावून आम्ही सहा मिनिटांची एक रचना केली आहे. त्यात ‘पाऊस’ हा शब्द एकदाही येत नाही.

पुण्यातले कोणते आवाज वापरता?

मंडईतला सकाळचा पुकारा. दुपारी गल्लीत येणारा रद्दीवाला: ‘पेपर’मधल्या दुसऱ्या प वर तो किती जोर देतो आणि शेवटचा र कसा हवेत सोडून देतो! बसच्या दारातून गावांची नावं पुकारणारा कंडक्टर. टॉखची कल्पना उचलून आम्ही कात्रज, हडपसर, निगडी, भोसरी, धनकवडी, बिबवेवाडी यांची चार आवाजांची रचना बसवली. टॉखच्या रचनेतली दूरदूरची नावं त्याच्या श्रोत्यांना नवलाची होती. आमच्या श्रोत्यांपैकी कुणी रोज भोसरीला कामाला जातं, त्यामुळे भोसरी आली की त्या माणसाचा चेहरा वेगळा होतो. हा फरक मला मोलाचा वाटतो.

आणि पालख्या. दोन्ही पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर एका जागी उभे राहा. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत मुक्कामाला जाते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला. समोरून एक दिंडी ‘ज्ञानबा तुकाराम’ म्हणत येते. तिचा पखवाज आणि टाळ जवळ येतात, पुढे सरकतात, तेवढ्यात मागची दिंडी त्याच शब्दांनी, किंचित वेगळ्या लयीत येऊन पोचते. काही क्षण दोन्ही एकात एक मिसळतात आणि ‘राम’वर ‘ज्ञान’ पडतं. नंतर सुटतात. हे मी लहानपणी खांद्यावर बसून ऐकलं होतं. राइशचं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नवीन काही वाटलं नाही, लक्ष्मी रस्ता आठवला.

ते राइशचं ‘फेजिंग’ म्हणजे काय?

१९६४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये एक रस्त्यावरचा धर्मोपदेशक बायबलमधल्या नोहाच्या महापुराची कथा सांगत होता. राइशने ते रेकॉर्ड केलं. ‘पाऊस येणार आहे’ अशा अर्थाचे त्यातले तीन शब्द दोन टेप रेकॉर्डरवर एकदम वाजवायला गेला, पण दोन्ही यंत्रांचा वेग तंतोतंत सारखा नव्हता. एक आवाज हळूच दुसऱ्याच्या पुढे सरकू लागला. यालाच फेजिंग म्हणतात. राइशने ती चूक दुरुस्त केली नाही, तिच्यावरच १९६५मध्ये रचना केली.

घरी करून बघायचं तर गणित सोपं आहे. एकाच शब्दाचे दोन लूप, म्हणजे परत परत वाजत राहणारे तुकडे घ्या, एक २.०० सेकंदांचा आणि दुसरा २.०२ सेकंदांचा. एकदम सुरू करा. दर फेरीला दुसरा सेकंदाचा दोन शतांश मागे पडतो. आधी आवाज जाड होतो, मग घुमतो, मग प्रतिध्वनी, मग दोन वेगळे आवाज एकमेकांना उत्तरं देऊ लागतात. बरोबर २०२ सेकंदांनी, म्हणजे पहिल्याच्या १०१ आणि दुसऱ्याच्या १०० फेऱ्या झाल्यावर, दोघे पुन्हा एकत्र येतात. शब्द निवडताना एकच पथ्य: त्यात ठोका हवा. ‘आई’ नुसता वितळतो. ‘टपटप’, ‘चटकन’, ‘पत्ता’ छान चालतात.

बोलणं गाणं कधी होतं?

परत ऐकलं की. डायना ड्यूश या संशोधिका १९९५मध्ये स्वतःच्या निवेदनाचं संपादन करत होत्या. एक वाक्यांश लूपवर वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने त्यांना तो गायल्यासारखा ऐकू येऊ लागला. ध्वनिमुद्रणात काहीही बदललं नव्हतं. बोलण्याचे चढउतार त्यात आधीपासून होतेच. पहिल्यांदा ऐकताना कान अर्थाच्या मागे धावतो, त्यामुळे ते निसटतात.

मराठीत याला आपला शब्द आहे: हेल. सोलापूरकडचा माणूस हेल काढून बोलतो, कोकणातला वेगळा काढतो. पुणेकरांना वाटतं आपण सरळ बोलतो. रेकॉर्ड करून दहा वेळा ऐका, पुण्याचा हेल स्वच्छ ऐकू येतो, विशेषतः वाक्याच्या शेवटच्या ‘ना’वर.

मोराव्हियाचा संगीतकार यानाचेक वर्षानुवर्षं वहीत लोकांच्या बोलण्याचे सूर टिपत असे. बाजारातल्या बायका, मुलं, रस्त्यावरचे लोक. १९०३ साली त्याची मुलगी ओल्गा वारली, तेव्हा तिचे शेवटचे उद्गारही त्याने स्वरलिपीत लिहून ठेवले. पूर्वी मला हे वाचून कसंसंच झालं होतं. आजीचं ‘बरं’ ऐकल्यापासून तसं वाटत नाही. ज्याला जे साधन येतं त्याने तो आवाज धरून ठेवतो.

राइशने १९८८मध्ये रेल्वेप्रवासाच्या आणि ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या आठवणी रेकॉर्ड केलेल्या घेऊन त्यांच्या बोलण्याचेच सूर व्हायोलिन, व्हायोला आणि चेलोवर वाजवून घेतले. आम्ही असं करताना पेटी वापरून पाहिली, पण जमत नाही. बोलणं मींडेत चालतं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं, आणि पेटीला मींड नाही. व्हायोलिन किंवा सारंगी हवी, नाहीतर माणसाचा गळा.

गाणं शिकलेलं नाही. जमेल का?

जमेल.

घसा बसेल का?

ओरडायचं नसतं. श्वास पोटातून घ्या, पाणी जवळ ठेवा, घरघर आणि खर्जातले आवाज एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त काढू नका. दुखलं की थांबा.

लिहून कसं ठेवता?

सुरुवातीला रंगीत पेन, बाण, मोठी-छोटी अक्षरं असं सगळं केलं. ते दिसायला सुंदर, पण महिन्याने आमचं आम्हाला वाचता येईना. आता तबल्याच्या वहीसारखं लिहितो: मात्रांचे चौकोन, सम, टाळी, खाली. लांबवायच्या अक्षरापुढे अवग्रह: ‘बऽऽऽरं’. श्वास घ्यायची जागा उभ्या रेघेने. हेल मात्र कागदावर नीट येत नाही. तो एकाने दुसऱ्याला म्हणून दाखवायचा.

रेकॉर्डिंगला काय लागतं?

मोबाईल पुरतो. पंखा बंद करा, फ्रिजपासून लांब बसा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला धरा, म्हणजे प आणि भ चा झोत थेट त्यावर आपटणार नाही. संपादनाला ऑडॅसिटी फुकट मिळतं आणि आमचं सगळं काम त्यात होतं. महाग माइकच्या मागे लागण्याआधी खोली ऐकायला शिका.

खोलीवरून आठवलं. अल्विन लूसिएने १९६९मध्ये एका खोलीत बसून एक परिच्छेद वाचला, रेकॉर्ड केला, तो त्याच खोलीत वाजवून पुन्हा रेकॉर्ड केला, आणि असं करत राहिला. प्रत्येक खोलीचे काही आवडते सूर असतात. साडेतीन मीटर लांबीच्या खोलीत सगळ्यात खालचा सूर साधारण ५० हर्ट्झचा असतो आणि त्याच्या वर बाकीचे. दर फेरीला खोली तेवढेच सूर उचलते, बाकीचे विरतात. शेवटी शब्द उरत नाहीत, खोली गात राहते. लूसिएचं बोलणं अडखळत असे, आणि त्या परिच्छेदात तो सांगतो की या क्रियेतून आपल्या बोलण्यातले खाचखळगे गुळगुळीत होतील.

आम्ही हे एका जुन्या वाड्याच्या माडीवर केलं. लाकडी तुळया, मातीच्या भिंती. चौदाव्या फेरीला आवाज मंद, मऊ झाला. नंतर तेच वाचन नव्या फ्लॅटच्या रिकाम्या हॉलमध्ये केलं, तर पाचव्या फेरीतच शिट्टीसारखी किंचाळी उमटली. तो वाडा आता पाडला गेला. त्या माडीचा आवाज आमच्याकडे आहे.

रस्त्यावरच्या लोकांचे आवाज न विचारता घेता का?

आता नाही. सुरुवातीला घेतले, आणि ती आमची चूक होती.

राइशच्या १९६६च्या एका रचनेत न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये पोलिसांनी मारहाण केलेल्या एका तरुणाचा आवाज आहे. त्याच्या खटल्याच्या मदतीसाठीच ती केली गेली. पण दहा-बारा मिनिटांत तो तरुण विरून जातो आणि उरतो नुसता आवाजाचा ढग. मला ती रचना थोर वाटते आणि ऐकताना दर वेळी अस्वस्थही करते. ज्याचं दुःख, त्याचं नाव शेवटपर्यंत ऐकू यायला हवं की नको?

आम्ही मंडईतल्या एका भाजीवाल्या मावशींचा पुकारा वापरून रचना केली आणि नंतर त्यांना ऐकवायला गेलो. त्यांनी फोन कानाला लावून पूर्ण ऐकली. मग म्हणाल्या, ‘ते टोमॅटोचा भाव सांगितलाय ते काढा. त्या बाईंना मी कमी लावला होता, बाकीच्यांनी ऐकलं तर?’ आम्ही काढला. तेव्हापासून नियम झाला: आधी विचारायचं, झाल्यावर ऐकवायचं आणि नको म्हणाले तर पुसायचं.

आजीच्या फोनचंही असंच. तिला ऐकवू का विचारलं तर म्हणाली, ‘मी नाही ऐकत. तुम्ही ऐका.’ म्हणून ते आम्ही त्या घराबाहेर कधीही वाजवलेलं नाही.

प्रमाण मराठीतच हवं का?

मुळीच नाही. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, जी तुमच्या घरात असेल ती आणा. अट एकच: दुसऱ्याच्या बोलीची नक्कल करून टाळ्या घ्यायच्या नाहीत. ती बोली ज्याची, त्याने ती म्हणावी. बाकीच्यांनी ताल धरावा.

संगणकाने तयार केलेला आवाज चालतो का?

यंत्राचा आवाज म्हणून चालतो. १९३९च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनातही बोलणारं यंत्र होतंच. गेलेल्या माणसाच्या आवाजात नवं वाक्य बनवून देणं मात्र आम्ही करत नाही. दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा नाही म्हणालो.

लोक हसले तर?

हसतात. पहिली दोन मिनिटं जवळजवळ नेहमीच. हसू दाबायला सांगू नका. हसण्याने अंग सैल होतं आणि मग कान उघडतो. न थांबता, त्याच लयीत म्हणत राहा. आमच्या अनुभवात तिसऱ्या मिनिटाला शांतता येते आणि ती शांतता काव्यवाचनातल्या शांततेपेक्षा घट्ट असते.

लहान मुलांना आणलं तर चालेल?

जरूर आणा. त्यांना वर्णमाला उलटी म्हणायला कारण लागत नाही. मागच्या महिन्यात सहा वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली होती. पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे तिच्या प्रत्येक स मधून बारीक शिट्टी निघत होती. आईला विचारून आम्ही तिच्याकडून ‘सकाळी सकाळी सासवड’ म्हणवून घेतलं आणि रेकॉर्ड केलं. तिला ते इतकं आवडलं की जिना उतरेपर्यंत म्हणत होती. आई सांगत होती, आता एक दात दिसायला लागला आहे.